चोविसावं पाकीट

तपासणीच्या टेबलावर चढताना तस्लीमच्या उजव्या गुडघ्याची वाटी बाहेरच्या बाजूला सरकली. मी खुर्चीतून उठेपर्यंत तिच्या वडिलांनी वाकून एका हातात तिची टाच धरली, पाय हळूच सरळ केला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं वाटी जागेवर ढकलली. मग त्यांनी हात लेंग्याला पुसले आणि माझ्याकडे बघितलं. पोरीनं ओठ दाबून धरले होते, तेवढंच.

"कितवी वेळ?" मी विचारलं.

"अकरावी," तस्लीम म्हणाली.

"बारावी," वडील म्हणाले. "जिन्यावरची धरली न्हाईस तू."

अशा वेळी डॉक्टरला वाईट वाटायला हवं. खरं सांगते, मला आनंद झाला. गेले चार महिने मी या गुडघ्याची वाट बघत होते.

मिरजेतल्या एका धर्मादाय हॉस्पिटलात हाडांच्या विभागात मी शेवटच्या वर्षाला होते. त्या विभागात मी एकटीच बाई, त्यामुळे पेशंट मला सिस्टर समजून जेवण कधी येणार ते विचारायचे. भोकरे सरांनी मला प्रबंधाला विषय दिला होता : वारंवार सरकणाऱ्या गुडघ्याच्या वाटीवरच्या दोन शस्त्रक्रियांची तुलना. पेशंट हवे होते चोवीस. बारा जणांवर एक शस्त्रक्रिया, बारा जणांवर दुसरी. कुणावर कुठली करायची हे डॉक्टरांनी ठरवायचं नाही, म्हणजे लाडकं-दोडकं होत नाही. त्यासाठी संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांनी चोवीस चिठ्ठ्या पिसून, पाकिटांत घालून, लाख लावून बंद करून दिल्या होत्या. अडीच वर्षांत तेवीस पाकिटं फुटली. डिसेंबरात प्रबंध द्यायचा होता, बेळगावच्या एका हॉस्पिटलानं माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती, आणि मिरज पंचक्रोशीत कुणाची वाटी म्हणून सरकत नव्हती.

मी प्लॅस्टिकचा गुडघा काढला आणि पाठ केलेलं भाषण सुरू केलं. वाटी मांडीच्या हाडातल्या खाचेतून वरखाली सरकते, तिला आतून धरून ठेवणारा बंध तुटला की ती खाचेबाहेर जाते, वगैरे. दस्तगीरचाचांनी (नाव केसपेपरवर होतं, धंदाही : सतारी बनवणे) तो गुडघा माझ्या हातातून घेतला आणि दोनदा वाकवून बघितला.

"सतारीची तार घोडीच्या खाचेतनं निसटती तसं हाय की हे," ते म्हणाले. "मग करणार काय तुम्ही?"

"दोन इलाज आहेत. एक, मांडीमागची एक शीर काढून तिची दोरी करायची आणि वाटी आतल्या बाजूला बांधून टाकायची."

"आणि दुसरा?"

"वाटीखालचा बंध नडगीच्या ज्या हाडाला चिकटलेला असतो, तो हाडाचा तुकडा कापून आतल्या बाजूला सरकवायचा आणि स्क्रूनं बसवायचा. मग ओढच सरळ होते."

"म्हणजे एकात तारेला बांधायचं आणि दुसऱ्यात तार जिथनं निघती ते टोकच सरकवायचं." त्यांनी मान हलवली. "दोन्ही बराबर हाय. चांगलं कुठलं?"

"तेच तर शोधतोय आम्ही, चाचा." मग मी पाकिटाचं सांगितलं. हा माझा आवडता भाग होता. "तस्लीमला कुठलं ऑपरेशन होणार हे आज मलाही माहीत नाही, सरांनाही नाही. ऑपरेशनच्या दिवशीच पाकीट फुटणार."

"दोरीची किती झाली आजवर?"

"अकरा."

"आणि हाडाची?"

"बारा."

त्यांनी प्लॅस्टिकचा गुडघा जपून टेबलावर ठेवला. "डॉक्टरीणबाई, मग शेवटच्या पाकिटात काय हाय ते आमची शेळी बी सांगंल."

अडीच वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांच्याही आलं नसावं, किंवा आलं असून ते बोलले नसावेत. तस्लीम पहिल्यांदाच किंचित हसली आणि तिनं ओढणी तोंडावर घेतली.

"असू दे," चाचा म्हणाले. "दोरी तर दोरी. एकच सांगा. दोरी बांधल्यावर पोरीला मांडी घालून बसता येईल का?"

मी पेशंटची प्रगती मोजायचा तक्ता उघडला. जिना चढणं, पळणं, उडी मारणं, उकिडवं बसणं, सूज, वेदना. एकूण गुण शंभर. मांडी नव्हती.

"हा कागद कुठला?"

"परदेशातला आहे."

"तिकडं लोक खाली बसत न्हाईत?"

"बसत नसावेत. पडले तरच."

"मग त्या तेवीस जणांना इचारा," ते म्हणाले. "आता रमजान लागतोय, तसंबी ईदपर्यंत आम्हाला जमायचं न्हाई. तुम्ही इचारून ठेवा, मग सही करतो." आणि लेकीला धरून ते निघाले. दारापर्यंत ती उजवा पाय एखाद्या उसन्या वस्तूसारखा सांभाळत टाकत होती.

भोकरे सरांना मी दुपारी गाठलं. दोरीची शस्त्रक्रिया आमच्याकडे त्यांनीच आणलेली. जानेवारीत परिषदेत ते माझ्या आकड्यांवर निबंध वाचणार होते. तोवरच्या गुणांत दोरीला ब्याऐंशी आणि हाडाला ऐंशी पडले होते, म्हणजे त्यांच्या मनासारखं चाललं होतं. सर खारे शेंगदाणे खात एक्स-रे बघत होते. ते कुणालाही आडनावानं हाक मारायचे आणि बहुतेक प्रश्नांना "नंतर" हे उत्तर द्यायचे.

"मांडी?" ते म्हणाले. "कशाला? संन्यास घेणार आहे का ती?"

"वडील विचारत होते, सर."

"घरोघरी टेबलं आलीत आता, उमराणी. लग्नाच्या पंगतीसुद्धा खुर्च्यांवर बसतात."

"पण सर, आपल्या तेवीसपैकी किती जणांना..."

"नंतर."

मी पोस्टात जाऊन तेवीस जोडकार्डं घेतली. त्या वेळी ती मिळायची. अर्धं कार्ड आपण लिहायचं, अर्धं समोरच्यानं कोरं फाडून उत्तराला वापरायचं. निम्म्या पेशंटांकडे फोन नव्हता, आणि ज्यांच्याकडे होता ते डॉक्टरच्या फोनवर सगळं बरं आहे असंच सांगतात. मी प्रत्येकाला एकच प्रश्न लिहिला : तुम्हाला अर्धा तास मांडी घालून बसता येतं का? सरांना सांगितलं नाही.

तीन आठवड्यांत एकोणीस उत्तरं आली. कवठ्याच्या एका मास्तरनं लिहिलं, "मांडी घालता येते. सोडवायला दोघे लागतात." म्हैसाळच्या एकानं लिहिलं, "आपण आठवण ठेवलीत याबद्दल आभारी आहे. म्हैस व्याली. बसता येत नाही." जतच्या एका मुलीनं कळवलं की लग्नात पाटावर बसता येईना म्हणून भटजींनी खुर्चीवरच लग्न लावलं, पाय सरळ ठेवून, आणि फोटोत फक्त पायच दिसतो आहे. हीच मुलगी माझ्या तक्त्यात शंभरपैकी ब्याण्णव गुण मिळवून पहिली आली होती.

मी कार्डांचे दोन गठ्ठे लावले. हाडवाल्या दहांची उत्तरं आली होती. त्यांतले नऊ जण मांडी घालत होते. मात्र सात जणांची एकच तक्रार होती, गुडघा टेकला की स्क्रू टोचतो. दोरीवाल्या नऊ जणांपैकी मांडी घालणारे तिघे होते, तेही मास्तरांना धरून.

आणि शेवटच्या पाकिटात दोरी होती.

रमजानचे चार-पाच दिवस राहिले असताना मी दुपारी सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत गेले. दुकानावर पाटी होती : "दस्तगीर आणि सन्स". दारात वाळत टाकलेले भोपळे रचून ठेवले होते, आणि आत एक धारवाडचे गृहस्थ सतार मांडीवर घेऊन चाचांशी बोलत होते. चाचांच्या हातात कानस होती. मला वाट नव्हती म्हणून शेजारच्या बोळातून मागच्या दारानं आत गेले.

मागच्या खोलीत तस्लीम भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली होती. डावा पाय दुमडलेला, उजवा समोर सरळ ताणलेला. सतार अंगावर तिरकी पडली होती आणि दर दोन मिनिटांनी घसरत होती. तिच्या हातात तारांखालची ती हाडाची पट्टी होती, जिला ते घोडी म्हणतात. तिच्यावरून ती बारीक कानस फिरवायची, एकदा, फार तर दोनदा. पट्टी तारांखाली बसवायची, तार छेडायची, डोळे मिटून ऐकायची, आणि पुन्हा काढायची. उपास असून तिच्या हाताला घाई नव्हती. दहा मिनिटांनी तार वाजली ती वेगळीच वाजली. आधीचा आवाज तारेचा होता. आता सुरामागून दुसरा बारीक सूर निघाला आणि बराच वेळ खोलीत राहिला. मला गाण्यातलं काही कळत नाही. तरी मी उभी होते तिथंच उभी राहिले.

बाहेरून चाचांचा आवाज आला. "दोन तासांनी या साहेब, जवारी काढून ठेवतो." घोडी घासून तो मागचा सूर काढणं म्हणजे जवारी, हे मला तेव्हा कळलं.

पडदा बाजूला करून, बगलेत धारवाडची सतार घेऊन ते आत आले. मला बघून थबकले. मी त्यांच्या हातातल्या कानशीकडे बघत होते, आणि ते मी बघते आहे हे त्यांनी बघितलं.

"ही नुसती हातात असती," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाला धीर येतो."

"अब्बा," तस्लीम म्हणाली.

"राहू दे बेटा. डॉक्टरापासून काय लपवायचं?" ते खाली बसले, झकास मांडी घालून. "माझे कान गेले, बाई. तुमचं बोलणं ऐकू येतंय, पाखरू ऐकू येतंय. तारेचं शेवटचं टोक ऐकू येत न्हाई. चार वर्षं झाली. जवारी सगळी हिची. लोक मुंबईहून येतात ते दस्तगीरच्या हातासाठी, आणि हात हिचा हाय. पाटीवर सन्स लिवलंय, मुलगा एक बी न्हाई."

"सांगत का नाही त्यांना?"

"पोरीच्या हाताला कोण पैसा देतंय? दुसऱ्या दिवशी पलीकडच्या दुकानात जातील."

"आधी आठवड्याला पाच व्हायच्या," तस्लीम म्हणाली. "आता दोन. पाय दुमडला की वाटी जाती, सरळ ठेवला की सतार घसरती. खुर्चीवर करून बघितलं. भोपळा मांडीत बसला नाही की कानाला काही लागत नाही."

मला माझीच लाज वाटली. ही मुलगी दारातून आली तेव्हा मी तिच्यात फक्त आकडा बघितला होता, आणि तोही माझ्या सोयीचा. मी तिथंच खाली बसले आणि कार्डांचे गठ्ठे दोघांपुढे ठेवले. दोरीचं सांगितलं, हाडाचं सांगितलं, स्क्रूचंही सांगितलं. "हाडाच्या ऑपरेशननंतर गुडघा टेकताना टोचेल. नमाजाला त्रास होईल."

"नमाज खुर्चीवर बी होती," चाचा म्हणाले. "अल्ला समजून घेतो. भोपळा समजून घेत न्हाई."

तस्लीमनं एकेक कार्ड वाचलं. जतच्या नवरीचं दोनदा वाचलं. मग तिनं विचारलं, "डॉक्टर, दोरी बांधताना पाय सरळ असतो का दुमडलेला?"

"थोडा वाकवलेला असतो."

"मग पूर्ण दुमडल्यावर ती ओढणारच की. मोकळी तार सुरात लागली म्हणून काय झालं? दांडीवरच्या पार खालच्या पडद्यावर दाबून बघावं लागतं. तिथं चढली तर मोकळी असतानाच जरा उतरवावी लागती."

"हे मी सरांना विचारते," मी म्हणाले.

"विचारा. पण माझा पाय शिकायला देऊ नका. मला हाडाचं करा." आणि तिनं संमतीपत्रावर, चाचांनी पेन शोधायच्या आत, माझ्याच पेनानं सही केली.

दुसऱ्या दिवशी मी एकोणीस कार्डं भोकरे सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी शेंगदाणे बाजूला सारले आणि प्रत्येक कार्ड सवयीनं खिडकीच्या उजेडासमोर धरून वाचलं. बराच वेळ लागला.

"पोस्टकार्डं म्हणजे संशोधन नव्हे, उमराणी."

"नाही, सर."

"मांडी हे मोजमाप नव्हे."

"नाही, सर."

"मग हे काय आहे?"

"आपण बरं केलेली माणसं आहेत, सर."

मी पाकीट काढलं. "हिला मी अभ्यासातून बाहेर काढते. हाडाचं करायचंय तिला."

"मग तुझे तेवीसच राहतात. तेविसांवर मी सही करणार नाही. सहा महिने जातील. बेळगाव थांबणार आहे का?"

"नाही थांबणार."

"मग?"

मला रडू येत होतं आणि त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी भलतंच बोलले. "तिनं एक विचारलंय, सर. दोरी बांधताना आपण पाय पूर्ण दुमडून का बघत नाही?"

"कुणी विचारलं?"

"पेशंटनं."

"शिकलीय किती?"

"सातवी."

"हं," सर म्हणाले, आणि त्यांनी शेंगदाणे पुन्हा पुढ्यात ओढले. मी दारापर्यंत गेले तेव्हा मागून आवाज आला, "ईद झाली की पहिल्या शुक्रवारी घे तिला. हाडाचं. मी करतो."

ऑपरेशन नीट झालं. तस्लीम सहा आठवडे पट्ट्यात होती, मग कुबड्यांवर. मार्चमध्ये ती तपासणीला आली तेव्हा मी रजेवर होते. बेळगावची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. मी मिरजेतच राहिले आणि सर परिषदेला गेलेच नाहीत. का, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते "नंतर" म्हणाले असते.

चोविसावा मे महिन्यात आला. तासगावचा एक द्राक्षबागायतदार, ट्रॅक्टरवरून उडी मारली आणि वाटी गेली. मी पाकीट फोडलं. दोरी. कुणालाच आश्चर्य वाटलं नाही.

टेबलावर सरांनी शीर काढली, दोरी तयार केली, वाटीला ओवली आणि बांधायला हातात धरली. मग थांबले. मास्कवर त्यांचे फक्त डोळे दिसत होते.

"उमराणी, पाय दुमड."

मी दुमडला.

"अजून. पूर्ण. मांडी घालतात तसा."

आमच्या हाताखालची सिस्टर माझ्याकडे बघू लागली. मी त्या बेशुद्ध माणसाच्या पायाची मांडी घातली. सरांनी दोरीवर बोट ठेवून ताण बघितला, किंचित सैल सोडली, पाय सरळ करायला लावला, पुन्हा बघितली, पुन्हा दुमडायला लावला. असं चार वेळा केलं. मग गाठ मारली.

"हं," ते म्हणाले. "आता टाके घाल."

प्रबंध दिला. गुणांच्या तक्त्याखाली मी एक ओळ घातली होती, मांडी, आणि तिच्यापुढे आकडे. तोंडी परीक्षेला चंदीगडहून आलेल्या परीक्षकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि हे मोजमाप कुठलं म्हणून विचारलं. मी काही बोलायच्या आत शेजारून भोकरे सर म्हणाले, "मिरजेचं."

तासगावच्या बागायतदाराला मी जोडकार्ड पाठवलं होतं. त्याचं उत्तर दिवाळीनंतर आलं. वर पत्ता, खाली सही, मध्ये एकच शब्द : "बसतो."

त्याच आठवड्यात आणखी एक कार्ड आलं. हे साधं होतं, स्वतः विकत घेतलेलं, आणि त्यावर गिचमीड पण सरळ ओळींत लिहिलं होतं. ते अजून माझ्याकडे आहे.

"डॉक्टर मॅडमना तस्लीमचा आदाब. मी अभ्यासात नव्हते म्हणून मला कार्ड आलं नाही, तरी कळवते. मांडी घालून बसते, रोज पाच तास. गुडघा टेकला की टोचतं, नमाज खुर्चीवर करते. मी पट्ट्यात होते तेव्हा दुकानात अकरा सतारी जवारीसाठी पडून राहिल्या. गिऱ्हाइकं विचारायला लागली, एवढे महिने का? अब्बांनी पंधरा दिवस काही काही सांगितलं. मग एक दिवस कानस खाली ठेवली आणि म्हणाले, कारागीर दवाखान्यात आहे. सगळ्यांना तेच सांगत गेले. दोघं सतार घेऊन गेले. नऊ जण थांबले. मागच्या खोलीत उजेड कमी पडतो, म्हणून आता पुढं बसते."